सोनालीची बिनमातीची झाडं

सोनाली गेली त्या दिवशी टेम्पोत तिच्या कपड्यांच्या बॅगा, मिक्सर आणि पुस्तकांचं खोकं चढलं. झाडं तेवढी राहिली.

"अत्ती, टेम्पोतल्या उन्हात मरतील ही. अकलूजला जागा बघते आणि मग न्यायला येते. तोवर बघाल ना?" ती म्हणाली.

"बघते की," म्हणाले मी. दुसरं काही बोलायला सुचलं असतं तर ते बोलले असते.

आमच्याकडं सासूला अत्ती म्हणतात. सोनाली अकलूजची, तिला कानडीचा गंध नाही, पण पहिल्या दिवसापासून अत्ती म्हणायला लागली ती लागलीच.

तिची झाडं म्हणजे काय, तर माती नाही, कुंडी नाही. अननसाचा शेंडा कापून टाकावा तसे हिरवे-करडे झुबके, खिडकीच्या ग्रिलला दोऱ्यानं टांगलेले. मी घरी शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवते, तोच निळा दोरा. एक तर करडं, वाकडंतिकडं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखं. ते जिवंत असूनही कधी जिवंत दिसलं नाही. शेजारच्या बजाबाईंनी एकदा विचारलं होतं, "ह्येनला खायाला काय घालता वो?"

"काही नाही. हवेवर जगतात."

"आमच्या जावयासारखंच म्हणा की!"

माझ्या मुलाचं, ऋतुराजचं, आणि सोनालीचं नेमकं काय झालं ते मला आजवर नीट कळलेलं नाही. लग्न दोघांनी आपापलं जमवलं, मोडलंही आपापलंच. ऋतुराज पुण्याला नोकरी धरून गेला आणि फोनवर म्हणाला, "अव्वा, जमत नाही गं आमचं." मी ह्यांच्याकडं बघितलं. आमचं तरी कुठं जमलं होतं? पण ते कुणाला सांगायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून राहिलो एकत्र.

कागदांवर सह्या झाल्या आणि मला कोडं पडलं, की आता मी सोनालीची कोण? सासू नाही, मावशी नाही, शेजारीण म्हणावं तर ती अकलूजला. तिच्या झाडांना पाणी घालणारी बाई, एवढंच नातं उरलं होतं. पण ते होतं.

सोलापुरात नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांनी. त्या दिवशी घरात नुसती पळापळ. पिंप, घागरी, बादल्या, शेवटी पातेली आणि डबेसुद्धा. रिकामं भांडं दिसलं की भरायचं, हे इथल्या माणसाच्या हाताला लागलेलं वळणच आहे. झाडांचा वारही मी त्यालाच जोडून धरला होता. बोअरचं पाणी त्यांना चालत नाही. त्यातल्या क्षारानं पानांवर पांढरा थर बसतो, आणि ही झाडं पाणी पितात ती पानांवरच्या बारीक लवेतून. नळाचं पाणी घागरीत रात्रभर ठेवून सकाळी परातीत घ्यायचं, त्यात झाडं सोडायची आणि सोनालीला फोन लावायचा.

"किती वेळ ठेवायची गं पाण्यात?"

"अर्धा तास, अत्ती."

"आणि मग?"

"झटकायची आणि उलटी ठेवायची, शेंडा खाली. मध्ये पाणी साचून राहिलं की आतून सडतात."

"कूलरपुढं ठेवू का?"

"अहो, कूलरची हवा ओली. पंख्याखाली ठेवा."

हे सगळं मला पाठ होतं. मोबाइलवर इंग्रजीतले व्हिडिओ लावून, कळेल तेवढं बोलण्यातून आणि उरलेलं हातवाऱ्यांवरून मी कधीच शिकले होते. तरी दर वेळी तेच विचारायचे, आणि तीही पहिल्यांदाच सांगावं तसं सांगायची. मग अर्धा तास झाडं पाण्यात आणि आम्ही दोघी बोलण्यात. तिच्या आईचे गुडघे, ती लागली त्या डेअरीच्या लॅबमधली माणसं, दुधात कोण काय घालतं, मी भाजी कसली केली. ऋतुराजचं नाव दोघीही घ्यायचो नाही. झाडं परातीतून काढली की ती म्हणायची, "चला, वाळवा आता," आणि फोन ठेवायची.

उन्हाळा तापला तेव्हा तिनं सांगितलं, जागा मिळाली. दोन खोल्या, पूर्वेला खिडकी. "पुढच्या रविवारी येते झाडं न्यायला. जेवायलाच येते. शेंगाची चटणी करून ठेवा, उखळातली. मिक्सरमधली नको."

"मिक्सर तूच नेलास की. उखळातलीच होणार," मी म्हणाले, आणि ती हसली. झाडं जाणार याचं वाईट वाटत होतं, पण ती येणार होती. गेली तेव्हा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, धड चहासुद्धा पिऊन गेली नव्हती. एकदा समोर बसून जेवली असती म्हणजे झालं.

तेवढ्यात वळसंगला माझी चुलती वारली. तिसऱ्या दिवसाचं कार्य होईपर्यंत राहणं भाग होतं. निघताना ह्यांना बजावलं, "झाडांना हात लावू नका. कालच पाणी पाजलंय. मी येईपर्यंत त्यांना काही होत नाही."

आमचे हे, शरणप्पा, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. आयुष्यभर गाडीच्या रेडिएटरला तेवढं पाणी घातलं असेल, घरात घागर कधी उचलली नाही. पण सोनाली गेल्यापासून माणूस बदलला होता. सकाळी खिडकीपाशी खुर्ची ओढून झाडांकडं बघत बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "पेपर वाचतोय."

मी परत आले तेव्हा ग्रिल रिकामं होतं. एक करडं झाड तेवढं लटकत होतं, दोरे खाली पडलेले.

"झाडं कुटं हायेत?" माझी भाषासुद्धा वळसंगचीच निघाली.

हे खुशीत उठले आणि मोरीत घेऊन गेले. बादलीवर झाकण आणि झाकणावर वरवंटा. "तू गेलीस आन् पाणीवाले सांगून गेले बघ, लाइन फुटलीय म्हणं, पुढचं पाणी कवा ते नक्की न्हाय. मग म्हटलं, घागरीत पाणी हाय तवरच ह्यांस्नी भरून घ्यावं. पोटभर प्यायलीत."

"तेव्हापासून पाण्यातच हायेत?"

"मग! झाकण बी घातलंय. डासांची औषधवाली बाई आली हुती, तिनं बी शाबासकी दिली. समद्या गल्लीत आपलीच बादली झाकलेली हुती."

"आणि ते एक का ठेवलं?"

"ते मेलेलं हाय की. त्याला कशाला पाणी घालवायचं?"

झाकण काढलं. झाडं हिरवीगार होती, इतकी हिरवी मी कधी बघितली नव्हती. हे माझ्या तोंडाकडं बघत होते, परीक्षेतला पोरगा मास्तरांकडं बघतो तसे. "छान झाली," मी म्हणाले. एकेक झटकलं, टॉवेलवर उलटं ठेवलं, पंखा पुरता मोठा केला आणि कॉलरी शिवायचं सोडून तिथंच बसून राहिले.

दोन दिवस काही दिसलं नाही. मला वाटलं, वाचली. मग बुडाशी काळपट दिसायला लागलं. नाक जवळ नेलं तर कुजक्या कांद्याचा वास. मोठं झाड हातात घेतलं, ते नरम लागलं. मी सोनालीला व्हिडिओ कॉल लावला. हे बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते, पण झोपलेले नव्हते. झोपले की घोरतात.

"मधलं पान धरून हळूच ओढा, अत्ती," सोनाली म्हणाली.

ओढलं. पान आलं, त्याच्यामागून आतला सगळा गाभा आला, आणि बाहेरची पानं माझ्या तळहातावर सुटी झाली. वरून अजून हिरवीच होती.

"दुसरं बघा."

दुसरंही तसंच. मग ती बघा म्हणाली नाही, मीच एकेक ओढत गेले.

"पाण्यात राहिली होती का?"

"व्हय. मीच विसरले. बादलीत घातली, वर झाकण ठेवलं आणि वळसंगला गेले."

बाजेवर जरा हालचाल झाली.

"तुम्ही नाही ठेवणार," सोनाली म्हणाली. "तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं त्यांतलं. मला काय माहीत नव्हतं का?"

एवढे दिवस दोघींनी मिळून सांभाळलेलं माझं अडाणीपण तिनं असं उघड्यावर आणून ठेवलं. चिडून नाही, मऊ आवाजात. मऊ आवाजाचं जास्त लागतं.

"अप्पांना बोलू नका काही," ती म्हणाली.

"नाही बोलत. ते करडं राहिलंय बघ. रविवारी येशील तेव्हा..."

"एवढ्या एकासाठी नको, अत्ती. ते राहू दे तुमच्याकडं."

"मग जेवायला ये की."

"बघते," ती म्हणाली.

लांबच्या लग्नाची पत्रिका आली की आपण म्हणतो, तसं बघते. तिची तरी काय चूक? तिलाही घरात सांगायला कारण लागत असणार. सोलापूरहून झाडं आणायची आहेत, असं म्हणून निघता येतं. सोडलेल्या नवऱ्याच्या आईकडं जेवायला जाते, हे ती कुणाला सांगणार?

तरी रविवारी मी शेंगा भाजल्या आणि उखळात कुटल्या. दुपार टळेपर्यंत आम्ही जेवलो नाही. मग ह्यांनीच ताटं घेतली. चटणी त्यांनी पानात वाढून घेतली नाही, आणि मीही आग्रह केला नाही. मेलेली झाडं मी आधीच कागदात गुंडाळून टाकली होती. ग्रिलला निळे दोरे तसेच राहिले होते, वाऱ्यानं हलत होते.

लाइन दुरुस्त होऊन पुन्हा नळाला पाणी आलं. पिंप भरलं, घागरी भरल्या. दुसऱ्या सकाळी मी परात काढली. तेवढ्या मोठ्या परातीत ते एकटं करडं झाड सोडलं. पाण्यात पडल्यावर मात्र ते हिरवं व्हायला लागलं, हळूहळू. हे खुर्ची ओढून बसले आणि माझा फोन माझ्यापुढं ठेवला.

"इचार की तिला. किती येळ ठेवायचं ते."

"मला येतंय."

"व्हय, पण तिला कुटं ठावं हाय?"

"ठावं हाय तिला."

ते घड्याळाकडं बघत बसले. मी मशीनवर बसले, एक कॉलर पुरी केली, दुसरी घेतली. फोन परातीशेजारी तसाच पडून होता.

"झाला बघ अर्धा तास," हे म्हणाले.

मी उठले. झाड बाहेर काढलं आणि झटकलं.

"आन् आता?" ह्यांनी विचारलं.

"उलटं ठेवायचं. शेंडा खाली. मध्ये पाणी राहता कामा नये."

"कूलरपुढं ठेवू?"

मी त्यांच्याकडं बघितलं. आमचं फोनवरचं बोलणं ते दर वेळी पेपरमागून ऐकत होते तर.

"अहो, कूलरची हवा ओली," मी म्हणाले. "पंख्याखाली ठेवा."

त्यांनी ते दोन्ही हातांत धरून नेलं आणि टॉवेलवर उलटं ठेवलं. मी पंखा लावला. परातीतलं पाणी मोरीत ओतायला जीव होईना, म्हणून ते बादलीत ओतलं. झाकण मात्र ठेवलं नाही.