दगडी वाटेवरचा पहिला नंबर

आमच्या तायपिंगच्या तलावाकाठी बागेत गोल दगडांची एक वाट आहे. तिच्यावरून अनवाणी चालायचं. शेजारी पाटी आहे आणि पाटीवर भलामोठा तळवा रंगवलेला आहे. अंगठ्यापाशी डोकं, मधोमध पोट, खाली मूत्रपिंड. जिथे दगड टोचून कळ येईल तिथला अवयव आजारी, आणि कळ आलीच नाही तर माणूस ठणठणीत. एवढं वैद्यक आमच्या गावात शेंबड्या पोरालाही येतं.

माझा नवरा झाबिदी त्या वाटेवरून मशिदीतल्या गालिच्यावरून चालावं तसा चालायचा. एकोणतीस वर्षं घरोघर टपाल वाटलेला माणूस तो, त्यामुळे पायांचा अभिमान आधीच भरपूर. मागून त्याचा मित्र चोंग यायचा. तो निवृत्त शिंपी. सुई टोचल्यासारखा प्रत्येक दगडावर ओरडायचा.

"कुठे कळ आली रे, चोंग?"

"मधोमध. आयो!"

"पोट बिघडलंय. तळलेलं बंद कर."

"आणि तुझं काय?"

"माझं? काही नाही बाबा. सगळं नवंकोरं आहे."

झाबिदीला अकरा वर्षं साखर होती. पण त्याचा हिशेब सोपा होता. कळ येत नाही, म्हणजे आतलं सगळं ठीक. आतलं ठीक, म्हणजे साखर पळाली. त्यानं दवाखान्यात पाय दाखवायला जाणं सोडलं आणि चोंगच्या शेजारी बसून डब्यातलं गोड दूध घातलेला तेह तारिक चहा पुन्हा सुरू केला. मी ओरडून ओरडून घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. खरं सांगायचं तर मलाही मनातून वाटायचं की हा म्हणतो त्यात तथ्य असेल. कारण मी त्या वाटेवर चार पावलं टाकली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि हा वरून म्हणायचा, "रुबियाह, तू आधी आपलं यकृत बघ, मग मला शिकव."

लोकांनीही त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवला होता. नवे म्हातारे आले की त्याच्याकडे पाठवायचे. तोही पाटीवर काठी ठेवून यांना पित्त, त्यांना फुप्फुस, असं वाटत सुटायचा. टपाल वाटायची सवय, दुसरं काय!

त्या वर्षी बागेच्या समितीनं मर्देकाच्या, म्हणजे स्वातंत्र्याच्या दिवशी स्पर्धा ठेवली. साठीच्या पुढच्यांनी दगडांवर अनवाणी उभं राहायचं, जो शेवटपर्यंत उभा राहील तो पहिला. झाबिदी भर दुपारी सरावाला जाऊ लागला.

स्पर्धेला दोन दिवस होते. तो बागेतून आला, दारात चपला काढल्या, आत जाऊन आरामात बसला. मी मागून फडकं घेऊन आले तर फरशीवर लाल ठिपके. मी मांजराला दोन शिव्या घातल्या. मग पाहिलं की ठिपके दारापासून थेट झाबिदीच्या खुर्चीपर्यंत गेलेत.

"अहो अबांग, पाय वर करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना!"

टाचेत टाचणी होती. बागेत कागदी झेंडे लावतात ती, चपट्या पितळी डोक्याची. पार आत गेलेली. बागेतून घर म्हणजे वीस मिनिटं, वाटेत चहाही पिऊन झालेला. मी ती उपटून पट्टी बांधली तेव्हा हा वर्तमानपत्र वाचत होता.

"दुखलं नाही?"

"काय दुखायचंय? सवय आहे पायांना."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतला. मग म्हणाला, "गेलो की तिथली मिसी पाय कापा म्हणणार. चोंगच्या भावाचं काय झालं? अंगठ्यापासून सुरुवात केली आणि गुडघ्यापर्यंत गेले. स्पर्धा होऊ दे, मग जाऊ." तेव्हा कळलं मला. एवढी शेखी मिरवणारा माणूस आतून भेदरलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दवाखान्यात गेले. नर्सला आम्ही मिसी म्हणतो. मिसी कोगिलावाणी वयानं माझ्या मुलीएवढी, पण जिभेनं सासूएवढी. मला ती माकचिक म्हणजे मावशी म्हणते आणि झाबिदीला पाकचिक, म्हणजे काका. तिनं टाचणीची हकिकत ऐकली आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"माकचिक, दुखत नाही हाच तर आजार आहे. साखरेनं नसा गेल्यात. पाय बातमीच पाठवत नाहीत. खडा असो, फोड असो, चटका असो, पाकचिकना कळणारच नाही. आणि त्या उन्हातल्या दगडांवर उभे राहणार? तळवे भाजतील आणि ते हसत राहतील!"

"पण पाटीवर तर..."

"ती पाटी माझ्यासमोर आणा, मी तिच्यावर पांढरा रंग मारते. रोज तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. घरातही अनवाणी नाही. चप्पल घालण्याआधी झटकायची. पाणी गरम आहे की नाही ते त्यांच्या पायानं नाही, तुमच्या कोपरानं ठरवायचं. आणि जखम झाली की त्याच दिवशी इथे यायचं. पाय कापायची वेळ येते ती उशिरा येणाऱ्यांवर."

मग तिनं मला एक गोष्ट शिकवली. माणसाला डोळे मिटायला लावायचे आणि पायाच्या बोटांना हलकेच बोट टेकवायचं. दाबायचं नाही, बोलायचं नाही. त्याला कळतं का ते बघायचं.

घरी जाऊन मी हे सगळं सांगितलं. झाबिदीनं कानांवर हात ठेवले. मर्देकाच्या सकाळी मी आंघोळीला गेले आणि हा पसार! मी तशीच ओल्या केसांवर ओढणी ओढून बागेत धावले.

ऊन चढलं होतं. बारा जणांतले दोन उरले होते, झाबिदी आणि कोणी एक हाजी. चोंग कधीच खाली उतरून पाय चोळत बसला होता. हाजी या पायावरून त्या पायावर नाचत होते. आमचे महाशय मात्र हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून, ओठांवर हसू. टाचेच्या पट्टीवर तांबूस डाग उमटलेला.

मी ओरडणार होते. शब्द तयार होते सगळे. पण मला मिसी आठवली, आणि मी त्याच्यापुढे जाऊन खाली बसले. त्याच्या अंगठ्याला बोट टेकवलं. काही नाही. करंगळीला टेकवलं. काही नाही. मग राग आला म्हणा, भीती वाटली म्हणा, मी दोन्ही पायांवर हात सपाट ठेवले आणि घट्ट धरले. माझ्या बोटांना दगडाचे चटके बसत होते. लोक आधी हसले. मग कुणीतरी "श्श्" केलं. हाजी उतरले. "जिंकला! जिंकला!" असा ओरडा झाला तरी माझे हात तिथेच.

झाबिदीनं डोळे उघडले, हात वर केले, खाली पाहिलं.

"तू कधी आलीस?"

चोंगनंच उत्तर दिलं. "केव्हाची बसलीय रे. तुझे पाय धरून."

झाबिदीचे वर गेलेले हात सावकाश खाली आले. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग कसलंही बक्षीस न घेता उतरला आणि चोंगला म्हणाला, "गाडी काढ. दवाखान्यात सोड मला."

मिसीनं जखम धुतली, पट्टी बांधली, तळव्यांवरचे लाल डाग तपासले. रागावली नाही, याचंच मला नवल वाटलं. "आणखी चार दिवसांनी आला असतात तर मी काही बोलले नसते, नुसतं कापणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं," ती म्हणाली. "आता रोज यायचं. पाय राहील."

औषधं मिळेपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो. झाबिदी मान खाली घालून पायाच्या पट्टीकडे बघत होता. मी म्हटलं, "झालं ना आता? पाय राहतोय. मग कशाला तोंड पाडून बसलात?"

"टाचणीचं काही नाही गं," तो म्हणाला. "दगडांचंही नाही. पण तू हात ठेवलास आणि मला कळलं नाही." आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अडतीस वर्षांच्या संसारात मी त्याला असा रडताना पाहिला नव्हता. माझाही जीव तुटला.

मी आजूबाजूला कोण बघतंय ते न पाहता वाकले आणि त्याच्या घोट्यावर हात ठेवला.

"डोळे मिटा. इथे कळतं?"

"नाही."

हात जरा वर सरकवला. "इथे?"

"नाही."

आणखी वर. नडगीच्या अर्ध्यावर आल्यावर त्याचा पाय थोडासा हलला.

"इथे," तो म्हणाला. "इथे आहेस तू."

औषधाच्या खिडकीतून आमचं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. मी हात काढला नाही.