चोर नसलेल्या गावातला कुलूपवाला

काचेचा कारखाना बंद पडला त्या वर्षी कुलूपवाल्याचा धंदा असा काही चालला, की त्याच्या बापजाद्यांच्या काळातही चालला नसेल. कामगार भराभर गाव सोडून चालले होते आणि जाणारा प्रत्येक जण दाराला एक दणकट कुलूप ठोकून जात होता. कुलूपवाला हौसेनं कुलपं विकत राहिला, वर दोन किल्ल्या फुकट घासून देत राहिला. अख्खा रस्ता बंद झाला तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की आता कुलूप घ्यायला यायचं कोणी?

"आपल्या दाराला कधी लावताय?" बायकोनं विचारलं.

"लावायचं म्हणजे जायचं कुठे, ते आधी ठरायला नको का?"

ठरवण्याचं काम आपोआप मेहुण्याकडे गेलं. मेहुणा विम्याच्या कचेरीत कोष्टकं तयार करायचा आणि रिकाम्या वेळी मौज म्हणूनही कोष्टकंच करायचा. तो कागदाची भलीमोठी गुंडाळी घेऊन आला, ती त्यानं जेवणाच्या टेबलावर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर चार कुलपं ठेवली.

"दाजी, सोपं आहे. ही गावं. या रकान्यात काम किती मिळतं ते, या रकान्यात गुन्हे किती होतात ते. इथे बघा, हजारात तीन चोऱ्या. जिथे काम जास्त आणि गुन्हे कमी, तिथे बिऱ्हाड हलवायचं. माझ्या साहेबांनी असंच घर निवडलं."

"तुझ्या साहेबांचा धंदा काय?"

"दातांचे डॉक्टर होते आधी."

"चोर काही दात पाडत नाहीत रे," कुलूपवाला हताशपणे म्हणाला. "माझं बघ. चोऱ्या नाहीत तिथे माझं कुलूप घेणार कोण? आणि चोऱ्या आहेत तिथे हिला ठेवू कशी?"

ही म्हणजे भिंगरी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी. टेबलाखाली बसून ती जुन्या किल्ल्यांची माळ करत होती. गाव रिकामं झाल्यापासून तिला एकटीला कोपऱ्यापर्यंतही सोडत नसत. शाळेला बाप नेई, शाळेतून आई आणी, आणि बंद घरांच्या रांगेतून चालताना दोघंही तिचा हात इतका घट्ट धरत, की घरी आल्यावर ती बोटं मोजून घ्यायची.

"मामा," ती खालून म्हणाली, "हजारात तीन चोऱ्या म्हणजे काय?"

मामा खूश झाला. त्यानं तिला वर घेतलं. "समज, हजार घरं आहेत. वर्षभरात त्यातल्या तीन घरांत चोर शिरतो."

"कोणत्या तीन?"

"ते नाही सांगता येत."

"मग उरलेल्यांना कसं कळतं, की आपण त्या तिघांत नाही?"

"नाही कळत. म्हणून तर सगळे घाबरतात."

"म्हणजे चोर तिघांकडे येतो आणि घाबरायचं सगळ्यांनी?"

"हिला विम्यात घ्या," मेहुणा म्हणाला.

"मला कशातच नको," भिंगरी म्हणाली. "मला शाळेत एकटीला जायचंय."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या कोष्टकात सगळे रकाने होते, हा एवढाच राहिला होता.

शेवटी कुलूपवाला कोष्टकाची दोन्ही टोकं पाहून यायला निघाला. आधी गेला पहिल्या ओळीतल्या, सगळ्यात जास्त चोऱ्यांच्या शहरात. तिथे एकेका दाराला तीन तीन कुलपं पाहून त्याला माहेरी आल्यासारखं वाटलं. त्याच धंद्यातल्या एका माणसाच्या दुकानासमोर रांग लागली होती.

"बरं चाललंय ना?" कुलूपवाल्यानं विचारलं.

"विचारू नका! काल शेजारचं दुकान फोडलं. सकाळपासून पाणी प्यायला फुरसत नाही. या तुम्हीही, दोघांना पुरेल एवढं काम आहे. चोर मोठे मेहनती आहेत इथले."

कुलूपवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं. तेवढ्यात त्याचं लक्ष वर गेलं. दुकानावरच्या खिडकीला जाड गज होते आणि गजांना नाकं लावून दोन मुलं खालचा रस्ता बघत होती.

"तुमची का?"

"माझीच. सुट्टी आहे ना, म्हणून खेळतायत."

कुलूपवाला पुढचं काही न विचारता स्टेशनवर आला.

शेवटच्या ओळीतल्या गावात गुन्ह्यांच्या रकान्यात शून्य होतं. गेल्या वर्षीही शून्य, त्याच्या आधीही शून्य. बिऱ्हाड तिथे गेलं.

"आणि खायचं काय?" सामान उतरवताना बायकोनं विचारलं.

"अगं, दारं तर आहेत ना! दार आहे तिथे कुलूप आज ना उद्या लागतंच."

दारं होती खरी, पण ती लावायची पद्धत नव्हती. भिंगरीच्या शाळेची जवळची वाट तर शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या पुढच्या दारातून आत आणि मागच्या दारातून बाहेर अशी होती. सगळं गाव त्याच वाटेनं जाई. मावशी मशीनवरून मान वर न करता "पाय पुसून जा रे" एवढंच म्हणत. भिंगरी पहिल्या दिवशी एकटी गेली आणि एकटी परत आली. आल्यावर तिनं दोन्ही हात वर करून आईला दाखवले. कोणी धरले नव्हते.

"मावशींचं मागचं दार कुईकुई करतं," तिनं सांगितलं. "उघडताना एक गाणं आणि लावताना दुसरं."

बायकोला बेकरीत काम मिळालं. कुलूपवाल्यानं दुकान थाटलं. लोक यायचे, बसायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि जायचे. महिन्याभरात एक कुलूप खपलं. तेही एकानं ताडपत्री उडू नये म्हणून वजनाला नेलं.

"किल्ली राहिली तुमची," कुलूपवाला मागून ओरडला.

"ठेवा तुमच्याकडेच," तो म्हणाला.

अशात मेहुणा पाहुणा आला. त्यानं दुकानातली धूळ पाहिली आणि मान हलवली.

"दाजी, तुम्ही शून्याला भिऊन बसलात. शून्य म्हणजे काय, तर अजून न झालेली चोरी. लोकांना एवढंच समजावून सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली. 'शेवटची चोरी कधी झाली, आठवतं का?'

माणसं पाटीपुढे थांबू लागली. आठवायचा प्रयत्न करू लागली. कोणालाच आठवेना. इतकी वर्षं ज्याचा विचार केला नाही, ते आठवत नाही म्हटल्यावर ती घरी जाऊन आपापली दारं ओढून बघू लागली. संध्याकाळी शिवणकामवाल्या मावशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझं मशीन जुनं आहे, पण माझ्या आईचं आहे हो."

"मग मागच्या दारापासून सुरुवात करू," कुलूपवाला म्हणाला.

मावशींनी कुलूप घेतलं म्हणून समोरच्यांनी घेतलं. समोरच्यांनी घेतलं म्हणजे त्यांना काहीतरी कळलं असणार, म्हणून त्यांच्या शेजाऱ्यांनी दोन घेतली. कुलूपवाला नुसता माल विकून गप्प बसणारा नव्हता. प्रत्येक घरी जाऊन तो साखळी बसवी, दारात बाहेरचं दिसायला भिंग बसवी आणि नीट समजावून सांगे. "दार वाजलं की लगेच धावायचं नाही. भिंगातून बघायचं. ओळखीचा वाटला तरी आधी खात्री करायची. हातात हत्यारबित्यार दिसलं तर आवाज न करता हवालदारांना फोन लावायचा." तो लोकांकडून हे पुन्हा म्हणवून घेई आणि चुकलं तर न रागावता पुन्हा शिकवी.

"बाबा, मावशींचं मागचं दार लागलेलं असतं," भिंगरी एकदा म्हणाली. "मला तळ्यावरून वळसा घालून यावं लागतं."

"कोणतं कुलूप आहे?"

"आपलं."

"मग काळजी नाही," कुलूपवाला म्हणाला आणि कानस चालवत राहिला.

आता दुसऱ्यांना इतकं शिकवायचं आणि स्वतःचं दार उघडं ठेवायचं, हे बरं दिसत नाही. म्हणून एका सकाळी त्यानं आपल्या घरालाही ओढलं की आपोआप बंद होणारं नवं कुलूप बसवलं. एक किल्ली बायकोला दिली, एक स्वतः घेतली. ज्यानं गावभर किल्ल्या वाटल्या, तो मुलीची किल्ली विसरला.

सूर्य कलल्यावर तो घरी आला तेव्हा पायरीवर भिंगरीची पाण्याची बाटली होती. भिंगरी नव्हती. आत नव्हती, मागे नव्हती, तळ्याच्या रस्त्यावर नव्हती. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात पहार, तसाच तो समोरच्या घराकडे धावला आणि दार बडवू लागला.

दारातलं भिंग काळं झालं, पुन्हा उजळलं. दार उघडलं नाही.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी आतला दिवासुद्धा मालवला गेला. तो मावशींच्या दाराशी आला तेव्हा घामानं निथळत होता.

"मावशी, दार उघडा! मी आहे!"

"मी म्हणजे कोण?" आतून आवाज आला.

"कुलूपवाला!"

"आवाज ओळखीचा वाटतोय. पण ओळखीचा वाटला तरी आधी खात्री करायची, तुम्हीच सांगितलंत ना?"

"मग करा ना खात्री!"

"कशी करायची, ते तुम्ही पुढच्या वेळी सांगणार होतात."

"मावशी, भिंगरी सापडत नाहीये हो!"

मग मावशी रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "ती आली होती. दार वाजवत होती. मी खात्रीच करत बसले, तोवर ती गेली."

कुलूपवाला पायरीवर मटकन बसला. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. गावचे हवालदार धापा टाकत उतरले.

"फोनवर फोन येतायत," ते म्हणाले. "एक माणूस हत्यारं घेऊन दारोदार फिरतोय म्हणे. तुम्ही पाहिलात का हो?" मग त्यांनी पहारीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "अरेरे. चला आता."

"माझी मुलगी..."

"चला तर खरं."

चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल आणि मागे एक कोठडी. कोठडीत हवालदारांनी सायकलीचे टायर ठेवले होते. चौकीचं दार सताड उघडं होतं आणि टेबलाशी भिंगरी गणितं सोडवत होती.

"बाबा!" ती म्हणाली. "सगळी दारं बंद होती. हे एकच उघडं होतं."

कुलूपवाल्यानं तिला छातीशी धरलं.

"मी हिला घरी सोडायला निघणार, तेवढ्यात तुमच्याबद्दलचे फोन सुरू झाले," हवालदार म्हणाले. "चौकीला कुलूप लावा म्हणून तुम्ही दोनदा सांगून गेलात, पण मी म्हटलं, इथे चोरायला कोण येणार?"

तेवढ्यात बातमी ऐकून बायको बेकरीतून धावत आली. तिनं मुलीला पाहिलं, नवऱ्याच्या हातातली पहार पाहिली आणि काय झालं ते न सांगताच तिला कळलं.

"आता नोंद करावी लागणार," हवालदार अवघडून म्हणाले. "इतक्या लोकांनी तक्रार केलीय. माझ्या नोकरीतला पहिलाच गुन्हा. कसा लिहितात, तेही आठवत नाही."

"लिहा," बायको म्हणाली. "म्हणजे शून्याचा एक होईल. मग माझा भाऊ कोष्टक घेऊन येईल आणि म्हणेल, ताई, या गावात राहू नका, इथे गुन्हेगारी वाढलीय."

"आणि नियमानं संशयिताला कोठडीत घालून बाहेरून कुलूप लावायचं असतं." हवालदारांनी कोठडीच्या रिकाम्या कोयंड्याकडे पाहिलं. "कुलूप काही नाही. तुमच्याकडे असेल का एखादं?"

पिशवीत होतं. पितळी, सगळ्यात महागडं, त्याच दिवशी आलेलं. कुलूपवाल्याचा हात सवयीनं आत गेला आणि जीभही सवयीनं सुटली. "हे बघा, हवालदारसाहेब, घ्यायचं तर एकदाच चांगलं..."

"बाबा," भिंगरी म्हणाली.

एवढंच म्हणाली. तिची बोटं त्याच्या दुसऱ्या हातात होती आणि त्यानं ती इतकी घट्ट धरली होती, की ती पांढरी पडली होती. त्यानं मूठ सैल केली. पिशवीतला हातही रिकामाच बाहेर काढला.

"संपली कुलपं," तो म्हणाला.

"एकही नाही?"

"एकही नाही. नवा मालही येणार नाही आता."

हवालदारांनी हुश्श केलं आणि पेन खिशाला लावलं. "मग तुम्हाला आत कसं ठेवणार? आणि आत ठेवता येत नाही, तर लिहून तरी काय उपयोग?"

"धंदा बंद म्हणजे?" बाहेर आल्यावर बायकोनं हळूच विचारलं. "नुसत्या बेकरीवर भागायचं नाही हो."

"माहीत आहे गं."

तिघं मावशींच्या दाराशी आली. भिंगरीनं दारातल्या भिंगासमोर तोंड नेलं आणि सगळे दात दाखवले. आतून साखळी निघाली, अडसर सरकला, आणि मावशींनी दार उघडून तिला जवळ ओढलं.

"पाय पुसा," त्या नाक ओढत म्हणाल्या.

कुलूपवाल्यानं मागच्या दाराचं कुलूप उतरवून पिशवीत टाकलं. दार ढकललं, तशी बिजागरी कुईऽ करून ओरडली. तो थांबला. त्यानं दार पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. वाकून बोटानं बिजागरीची खीळ चाचपली.

"मावशी, ही अर्धी झिजलीय. कधी पडेल दार अंगावर."

"झिजणारच. अख्खं गाव इथूनच जायचं ना! समोरच्यांचं तर लोंबतंयच. बंद दारांची काय ती डोकेदुखी तुम्हाला कळते, उघड्यांची कोणाला सांगायची?"

कुलूपवाला दाराशीच खाली बसला आणि पिशवीतून तेलाची कुपी काढली.

"अहो, आधी घरी तरी चला," बायको म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे."

भिंगरी कोणाचाही हात न धरता मागच्या दारातून बाहेर पडली. दहा पावलांवरून तिनं मागे वळून हाक दिली, "बाबा, गाणं सगळं घालवू नका हं! थोडं ठेवा."