गुलाबी पाणी

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावरच्या टेबलावर गुलाबी पाण्याचे ग्लास, प्रत्येकात एक नळी. ध्यानगुरू मधाळ आवाजात म्हणाले, "हा मनातला मळ, बाळांनो. सजग श्वास सोडा. मन निवळेल, पाणी निवळेल." पहिल्या मुलाने डोळे मिटून लांब फुंकर घातली, आणि पाणी खरंच नितळ! टाळ्या थांबेनात. एक आजोबा तर हात जोडून उभेच राहिले.

दाराशी टेकलेल्या प्रयोगशाळेच्या मावशींनी उसासा टाकला. तीस वर्षं काचनळ्या धुताना असले किती रंग त्यांनी मोरीत ओतले होते. पाय दुखत होते. 'सांगून ऐकतंय कोण,' म्हणत त्या निघाल्या.

तेवढ्यात त्यांच्या भाचीचा नंबर आला. पोर दम्याची. दोन फुंकरांत धाप लागली, हात खिशातल्या फवाऱ्याकडे गेला. पाणी गुलाबीच.

"मन मलिन," गुरूंनी मान हलवली. "आधी तो दम्याचा फवारा सोड, बेटा. औषधाने श्वास परावलंबी होतो."

पोरीने फवारा निमूट टेबलावर ठेवला.

मावशींचे दुखरे पाय मागे वळले.

"अहो महाराज, काल हिच्या हातून माझं चंचुपात्र फुटलं. मी विचारायच्या आत रडत सांगायला आली. हिचं मन मलिन?"

"बाई, हा अध्यात्माचा विषय आहे."

"असू दे की. कुणीतरी उपाहारगृहातून सोड्याची बाटली आणा बघू."

बाटली आली. मावशींनी भाचीच्या ग्लासात धार धरली. गुलाबी रंग बघता बघता विरला.

"घ्या! बाटलीला समाधी लागली."

सभागृहात हशा उसळला. मावशी मात्र हसल्या नाहीत.

"पाण्यात चुन्याची जराशी निवळी, वर रंग दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब. आमच्या कपाटात बाटली आहे त्याची. आपण श्वास सोडतो त्यात जो वायू, तोच या सोड्यात. तो पुरेसा मिसळला की रंग जातो. चोराने फुंकलं तरी जाईल. हिचा श्वास आखूड आहे, मन नव्हे."

गुरू ग्लास गोळा करू लागले. मावशींनी फवारा उचलून भाचीच्या हातात दिला. "ओढ आधी." पोरीने ओढला. छातीतली शीळ हळूहळू निवली.

मग थकल्या आवाजात त्या समोरच्यांना म्हणाल्या, "शांत बसायला शिकवा पोरांना, चांगलंच आहे ते. पण मन निवळलं का, ते वागण्यात बघा, ग्लासात नको. आणि डोळे मिटून झाले, की उघडायचेही असतात, बाबांनो."