बसप्पाच्या पांढऱ्या पेशी

बसप्पा गुरुवारी पहाटे वारला. पण तसं काही झालेलं नाही असं धरून आपण सोमवारी येऊ. सोमवारी शिवलिंग खुर्दबिनीच्या भिंगावर वाकून त्याचं रक्त मोजत होता.

परंड्याच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम शिवलिंगचं. बसप्पा तिथलाच चौकीदार. पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा फुगला. शिवलिंगनं तिसऱ्यांदा मोजलं. पांढऱ्या पेशी अठराशे. धडधाकट माणसात सहा-सात हजार असतात, जखम चिघळली की पंधरा-वीस हजार होतात. काचेवर आणखीही होत्या, पण फुटलेल्या, कडा विरघळलेल्या. मोजणीत फक्त शाबूत धरायच्या, असा कायदा.

“काय म्हनतंय रगत?” बसप्पानं खाटेवरून विचारलं.

“मामा, जंतू इख सोडायलेत. पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून जातेत, आन् त्या इखानं तिथंच फुटतेत.”

“पळाल्या तर न्हाईत?”

“न्हाय. कामावर मेल्या.”

“मग आमच्याच खात्यातल्या म्हनायच्या,” बसप्पा म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला.

जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या धाराशिवच्या भांडारात, मोहतमिमसाहेबांच्या कुलपात. महायुद्धामुळं टंचाई, ज्याच्या पेशी दहा हजारांवर, त्यालाच मिळायच्या. डॉक्टर रजेवर होते, म्हणून शिवलिंगनंच दरख्वास्त लिहिली. पेशी कशानं मेल्या ते खाली अर्धं पान समजावलं आणि कागद मोटारीनं धाडला. मंगळवारी संध्याकाळी तो शेरा मारून परत आला. पेशी कमी, सबब जंतू नाहीत. नामंजूर.

बसप्पाची बायको गौराबाई तो कागद उलटा धरून बघत राहिली.

“त्यायला किती पायजे?”

“दहा हजाराच्या वर.”

“मग लिव की. शाई संपली का?”

शिवलिंगनं टाक पुसला. पुसलेला टाक पुन्हा पुसला. तीन वर्षांत त्यानं एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. ते आकडे कुणी कधी तपासलेही नव्हते, पण ती गोष्ट वेगळी.

“ऱ्हाऊ दे गं,” बसप्पा पुटपुटला. “पोरगं खरं लिवतंय. म्या गावभर सांगत फिरतो तसं.”

गौराबाई पदरानं माशा वारत बसली. शिवलिंग टोपी घालून घरी गेला.

बुधवारी सकाळी पुन्हा मोजलं. नऊशे. आणखी कुणी येतंय का म्हणून तो बराच वेळ भिंगाला डोळा लावून राहिला. कुणी आलं नाही. मग त्यानं कोरा कागद घेतला, अठराशे लिहिले आणि पुढं एक शून्य काढलं. शून्य छान गोल आलं. मोटारीला दोन तास होते. तो कागद हातात धरून अड्ड्यावर उन्हात उभा राहिला.

गुरुवारी पहाटे जे झालं ते आपण धरलेलं नाही. दुपारी बारा गोळ्यांची पुडी आली. सोबत चिठ्ठी: दोन दिवसांत पेशी दहापट. परंडा दवाखान्याची शुश्रूषा तारीफ करण्याजोगी. चौकीदार कामावर कधी रुजू होईल ते कळवावे.

गौराबाई बसप्पाचं घोंगडं न्यायला आली होती. तिनं पुडी हातात घेतली, वजन बघावं तशी हलवली.

“ह्याच का त्या?”

“व्हय.”

“सोमवारी लिवलं असतंस तर?”

तिनं पुडी मेजावर ठेवली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि गेली. शिवलिंगनं दौत जवळ ओढली. चिठ्ठीला उत्तर देणं भाग होतं.

“मोहतमिमसाहेबांच्या खिदमतीत अर्ज. सोमवारचा अठराशेचा आकडा खरा असल्याने रद्द करावा. बुधवारचा अठरा हजारांचा आकडा खोटा असून तो सोमवारच्या तारखेने कायम करावा. गोळ्या त्याच दिवशी पोचल्या असे समजून चौकीदार बसप्पा यास, तो जेथे असेल तेथून, कामावर रुजू होण्याचा हुकूम व्हावा.”