न वाकलेली मान

“वाक की बे, अप्पा! आईचे पाय हाईत ते, तहसीलदाराचे न्हाईत!” माझे वडील असे कडाडले की तिकडं केजच्या बाजारात एक म्हैस पान्हा चोरून उभी राहिली म्हणतात. गेलेल्या आजीला आमच्या रीतीप्रमाणे, माती देण्याआधी, अंगणात शेवटचं बसवलं होतं. कपाळी विभूती, गळ्यात झेंडू, आणि फाल्गुनाचं पिवळं ऊन तिच्या पावलांशी निमूट येऊन थांबलेलं. तिचा धाकटा लेक, माझा चुलता अप्पा, समोर ताठ उभा होता. चेहरा सुजून जांभळासारखा काळवंडला होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. त्यानं दुरूनच हात जोडले.

दिंद्रुडातला पहिला रंगीत टीव्ही अप्पाच्याच दुकानात लागलेला, तेव्हा गावाला त्याच्या ताठ्याचं कारण आयतंच सापडलं. मी तर गावभर सांगत सुटलो, अप्पानं छातीत लोखंड बसवून घेतलंय. वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

वाकलं की त्याच्या डोळ्यांपुढं अमावास्या उतरे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. झोपायचा तोही बसूनच, साखरेच्या पोत्याला पाठ लावून. आणि आटलेली नदी वाळूखालून वाटा शोधते, तसं निळ्या शिरांचं जाळं त्याच्या छातीवर पसरत चाललं होतं. बोलला असता, तर पोरवयातला क्षय उघडा पडला असता; घरात लग्नाच्या दोन लेकी होत्या.

शेवटी दुकानातच कोसळला, तेव्हा पुण्याला नेला. कर्करोग नव्हता. जुन्या क्षयाच्या गाठी बऱ्या होताना डोक्याकडून हृदयाकडं येणारी थोरली शीर आवळून बसल्या होत्या. डॉक्टरांनी जांघेतून तार सरकवत नेली आणि त्या शिरेत धातूच्या जाळीची नळी उघडली. दोन दिवसांत तोंडावरची सूज उतरली, आणि सुजेखालून आजीचा चेहरा वर आला. माझी थाप खरी ठरली. अप्पाच्या छातीत लोखंड बसलं, ते वाकण्यासाठी.

घरी आला तो थेट अंगणात. वडिलांना सगळं सांगितलं, क्षयासकट. मग आजीला जिथं बसवलं होतं, त्या सारवलेल्या जागेवर त्यानं कपाळ टेकलं, आणि किती तरी वेळ उचललंच नाही. ऊन तेच होतं, पिवळं. फक्त त्या उन्हाला थांबायला तिथं काही उरलं नव्हतं.

“दादा, बघ. वाकायलोय आता.”



“आता पाय न्हाईत,” वडील म्हणाले.