वरच्या कोपऱ्यातलं भोक

काळाचौकीच्या ऑस्वाल्ड मिस्त्रीला ब्रेक मारणं म्हणजे पाप वाटे. पेट्रोल जाळून गाडीला वेग द्यायचा आणि सिग्नल लाल झाला की तोच वेग ब्रेकला घासून उधळून टाकायचा, याला काय अक्कल म्हणतात? म्हणून त्याने आपल्या जुन्या फियाटच्या मागच्या चाकांना एक डायनॅमो जोडला. पाय दाबला की डायनॅमो गाडीला आवरी आणि बॅटरी भरून घेई; निघताना तीच बॅटरी गाडीला ढकली. दर रविवारी सकाळी लालबागच्या उड्डाणपुलावर चढ-उतार करून परीक्षा. तिसऱ्या वर्षी पाच लिटरच्या जागी चार लिटरवर भागलं, तेव्हा साठी उलटलेला हा माणूस गॅरेजात चक्क नाचला.

तिन्ही वर्षं सोबत होता हेरंब. फणसवाडीत वाढलेला, आता माटुंग्याला इंजिनिअर. गाडी दुरुस्तीला म्हणून आला आणि घरचाच झाला. रविवारी ऑस्वाल्डच्या बायकोच्या, डोरिसच्या हातचं घरच्या बाटली मसाल्याचं मटण हाणायचा आणि म्हणायचा, "अंकल, नीट नकाशे मी काढतो. दोघांच्या नावाने पेटंटला टाकू." ऑस्वाल्डला मूलबाळ नव्हतं. त्याने गॅरेजची चावीसुद्धा हेरंबला देऊन ठेवली होती.

ऑस्वाल्डच्या बापाची एक रीत होती, तीच तो पाळी. नवा भाग घडवला की शनिवारी घरातल्या क्रूसाखाली खिळ्याला टांगायचा, रविवारची जेवणं झाली की उतरवायचा, मगच गाडीला लावायचा. त्यासाठी प्रत्येक भागाच्या वरच्या कोपऱ्यात एक भोक. यंत्राच्या दृष्टीने बिनकामाचं.

मग हेरंब यायचा बंद झाला, फोनही उचलेना. महिन्याभराने डोरिसने पेपरात वाचलं, माटुंग्याला इंधनबचतीचं प्रदर्शन आणि त्यात हेरंबचं नाव.

"बघ, सरप्राइज देतोय आपल्याला," ऑस्वाल्ड म्हणाला, आणि चर्चमध्ये मिस्सेला घालायचा शर्ट इस्त्री करून निघाला.

हॉलमध्ये त्याचंच यंत्र होतं, चकचकीत रंगवलेलं. वर पाटी: संकल्पना आणि रचना, हेरंब. दुसरं नाव कुठे बारीक अक्षरात असेल म्हणून ऑस्वाल्डने चष्मा पुसून पाटी दोनदा वाचली. नव्हतं. 

परीक्षक बाई डायनॅमो धरणाऱ्या पोलादी पट्टीवर वाकल्या होत्या. "हे वरचं भोक कशासाठी?"

हेरंबने ठोकून दिलं. "हवा खेळायला, मॅडम. डायनॅमो तापू नये म्हणून."

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. या पठ्ठ्याने ते मोजून त्यांचे नकाशेही काढले होते, फक्त खिळा राहिला होता.

ऑस्वाल्ड पुढे झाला. हेरंबचा चेहरा पडला, पण लगेच सावरून तो हसला. "मॅडम, हे आमचे मेकॅनिक. फिटिंगला यांची खूप मदत झाली."

मेकॅनिक! यंत्र चोरलं त्याचं दुःख ऑस्वाल्डने कदाचित गिळून टाकलं असतं. हा शब्द गिळवेना.

"मॅडम, भोक खिळ्यासाठी आहे," तो म्हणाला. "माझ्या घरी पार्ट पयला क्रूसाखाली टांगतात. याने भोकासकट कॉपी मारली."

"अंकल जरा भावुक झालेत," हेरंब म्हणाला.

बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि हातातलं पेन बंद केलं. ऑस्वाल्डचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

"नाव घे रे, तुला ठेव ते सगळं," तो हेरंबला म्हणाला. "पण तीन वर्षं माझ्या टेबलावर जेवलास. ही पट्टी तुझ्या समोरच्या भिंतीवर लटकत होती. एकदा पण मान वर करून बघितलं नाहीस?"

हेरंबने तेव्हाही मान वर केली नाही.