हवेतली थरथर

दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा लोकांना वाटलं, कंटाळले असतील. खरं कारण घरातल्या तिघांनाच माहीत होतं. एका बाईची दाढ भरताना त्यांचा उजवा हात लटलटला आणि हत्यार तिच्या गालाला आतून लागलं. जखम मोठी नव्हती. बाईही "असू दे हो" म्हणून गेली. डॉक्टरांनी मात्र हात धुतले, खुर्चीवर चादर टाकली आणि पुन्हा त्या खोलीत दिवा लावला नाही.

कंपवात निघाला. औषधांनी चाल जरा सुधारली, हात काही ऐकेना.

मागच्या खोलीत ते बऱ्याच वर्षांपासून एक विमान बांधत होते. रिमोटवर उडणारं, पण खेळणं म्हणायची कुणाची छाती झाली नसती. दोन्ही पंख जोडले की पलंगाहून लांब, पोटात पेट्रोलचं इंजिन, हलक्या लाकडाच्या फासळ्या आणि वरून ताणून बसवलेलं कापड. शेवटच्या फासळ्या मुलीने चिकटवल्या. ती बस चालवायची. रजेच्या दिवशी बाबा खुर्चीत बसून तिला सांगायचे,

"डिंक कमी लाव. विमान आहे ते, तुझी बस नाही."

"बस वेळेवर तरी सुटते, बाबा. तुमचं हे कधी सुटणार?"

आई दारातून म्हणायची, "घ्या, दोघं मिळून घर डोक्यावर घ्या." आणि ओरडता ओरडता खाली सांडलेला भुसा झाडून न्यायची.

विमान तयार झालं. आता उडवणार कोण? बाबांनी छोटी विमानं पुष्कळ उडवली होती, पण आता त्यांचा चमचाही धड तोंडापर्यंत पोचत नव्हता. त्यांनी विषयच काढला नाही. शेवटी मुलीनेच विमानं उडवायच्या मैदानावरच्या मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, बाबांचे जुने दोस्त. त्यांनी तिला थर्माकोलच्या छोट्या विमानावर शिकवलं. पहिले काही दिवस तिने विमान कमी उडवलं आणि मैदान जास्त नांगरलं. हळूहळू हात बसला.

मग मास्तरांनीच तोड काढली. "दोन रिमोट वायरने जोडू. मुख्य तुझ्याकडे. हे बटण दाबून धरलंस की विमान बाबांच्या हातात. सोडलंस की परत तुझ्या."

हे ऐकून बाबा किती दिवसांनी हसले.

ठरल्या सकाळी आईने त्यांच्या शर्टाची बटणं लावून दिली. मैदानावर इतर उडवणारे आपापली विमानं बाजूला ठेवून बघायला जमले. मास्तर म्हणाले, "डॉक्टर, तुमचा रिमोट जरा मवाळ करून देतो. हात हलला तरी विमान कमी हलेल."

"मला काय बाटलीने दूध पाजताय? राहू द्या आहे तसं."

इंजिन लागलं आणि गवत मागे झोपलं. विमान धावलं, शेपूट उचललं आणि तिला कळायच्या आत चाकांनी जमीन सोडली. छोटं विमान चिमणीसारखं भिरभिरायचं. हे तसं नव्हतं. वजनदार, सावकाश, सांगितलेलं ऐकून मग वळणारं. तिच्या बससारखंच. तिचा जीव भांड्यात पडला. दोन घिरट्या घालून तिने विमान पुरेसं उंच नेलं.

"बाबा, देऊ?"

"दे."

तिने बटण दाबलं. विमान क्षणभर सरळ गेलं. मग त्याचे पंख थरथरू लागले. डावा खाली, उजवा खाली, पुन्हा डावा. बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. त्यांनी एक वळण घेतलं, लांब, सुरेख, अगदी पूर्वीसारखं. पण तेवढ्या वळणातही थरथर थांबली नाही.

"घे गं."

"अजून थोडं, बाबा. छान चाललंय."

"घे म्हणतो ना!"

विमानाचं नाक झुकलं. तिने बटण सोडलं, विमान सावरलं आणि उतरवलं. एक उडी मारून ते थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांना गळ्यातला रिमोटचा पट्टा काढता येईना, तो तिने काढला.

गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "हात खिशात घातला की झाकला जायचा. आज आभाळाएवढा दिसला."



त्यानंतर ते मैदानावर गेले नाहीत. "तू जा," म्हणायचे, आणि ती गेली की दाराकडे डोळे लावून बसायचे. परत आली की विचारायचे, वारा कुठून होता, इंजिन कसं वाजलं, उतरताना उडी मारली का. पुढे ते अंथरुणाला खिळले, आवाजही बारीक झाला. ती कान त्यांच्या तोंडाशी नेऊन प्रश्न ऐकायची.

एकदा इंजिन हवेतच बंद पडलं. विमान झाडांच्या रांगेवर आदळलं. मास्तरांनी आणि तिने फासळ्या वेचून गोणीत भरल्या. घरी आल्यावर बाबांनी ओठ हलवले. "उतरलं?"

"अलगद," ती म्हणाली. "उडीसुद्धा नाही."

आई औषध घेऊन दारात उभी होती. तिने गाडीतली गोणी पाहिली होती. ती आत येऊन औषध चमच्यात ओतू लागली.

पुढच्या रजेच्या दिवशी मुलगी घरीच थांबली, तेव्हा आईनेच गाडीची किल्ली आणून तिच्या हातात दिली. "जा. ते वाट बघतील."

ती रिकाम्या हाताने मैदानावर गेली. गवत कुठे झुकतंय ते पाहिलं, दुसऱ्यांची विमानं वर जाताना पाहिली, आणि बाबांना सांगण्यापुरता वारा अंगावर घेऊन परत निघाली.